पायाचं माप

काम एवढंच होतं की परभणीच्या सटवाजी सुताराकडून लाकडाची पावलं आणायची. मुंजाजी सकाळच्या गाडीनं पेडगावहून निघाला आणि ऊन चढायच्या आत सटवाजीच्या दुकानापुढं जाऊन उभा राहिला. काम खरं थोरल्या भावाचं, सूर्यभानचं. पण थोरल्याची कामं धाकट्यानं करायची, हा त्या घरातला कायदा होता. तो कुणी केला नव्हता, म्हणून मोडायचंही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सटवाजीनं पोत्यातून एकेक पाऊल काढून फळीवर मांडलं. डावं, उजवं, परत डावं. सागाची, रंधा मारून गुळगुळीत केलेली, टाच आणि बोटं जिथल्या तिथं.

"कुण्या देवाला नवस बोलला होता रं तुझा भाऊ? एवढे पाय?" सटवाजीनं विचारलं.

"देवाला न्हाई, भुताला," मुंजाजी हसून म्हणाला. "दादाचा भूतबंगला हाय ना. पूर्णेच्या जत्रंत लागणार हाय."

सटवाजी काही हसला नाही. त्यानं मागं हात घालून एक पुठ्ठा काढला. त्यावर पेन्सिलीनं पाय काढलेले होते. "हे तुमचं माप घेऊन जा. बाईमाणसाचा पाय हाय. डाव्याला करंगळी नव्हतीच. तुझ्या भावानं वरून काढून दिली. म्हणला, चार बोटं ठिवली तर लोकायला चूक वाटंल."

मुंजाजीनं पुठ्ठा हातात घेतला, उजेडाकडं धरला. तो पाय त्याच्या आईचा होता.

आठ दिवसांखालीच सूर्यभान घरी आला होता. कमलबाईला अंगणात या पुठ्ठ्यावर उभं करून त्यानं माप घेतलं होतं. "चप्पल करायची तुला, माय. कातड्याची. मुंबईच्या बाया घालतात तसली." कमलबाईचा सगळा जन्म अनवाणी गेला होता, नाहीतर टायरच्या वहाणांत. डाव्या पायाची करंगळी उसाच्या फडात कोयत्यानं गेली, तेव्हापासून तो पाय ती जरा घासतच टाकायची. तर त्या पायाला आता मुंबईची चप्पल येणार! संध्याकाळपर्यंत तिनं ही खबर अख्ख्या गल्लीला सांगितली होती. पोरगा कर्तबगार निघाला की आई अशीच वेडी होते.

मुंजाजीनं पुठ्ठा सदऱ्याच्या आत घातला, पोतं खांद्यावर मारलं आणि परतीची गाडी धरली. घरी पोचला तेव्हा आई दारातच बसलेली.

"आणली का रं चप्पल?"

त्यानं पोतं भिंतीकडेला ठेवलं. आतली लाकडं एकमेकांवर वाजली.

"न्हाई अजून. शिवायलाय त्यो," मुंजाजी म्हणाला. थोरल्याचं खोटं असं धाकट्याच्या तोंडात येऊन बसलं.

आता हा सूर्यभान कोण, ते सांगितलं पाहिजे. त्याला लहानपणापासून एकच वेड होतं. मोडक्या मोटेच्या चाकावर त्यानं पाळणा बसवला होता आणि गावातली पोरं त्यात गरगरून ओकली होती. ती ओकली याचा त्याला केवढा आनंद! पुढं आईनं ऊस तोडून त्याला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं. दोन वर्षांनी तो परत आला आणि परभणीत पाट्या रंगवू लागला. ते नामांतराचे दिवस होते. एका भिंतीवर 'नामांतर झालंच पाहिजे' आणि पलीकडच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही', दोन्ही अक्षरं सूर्यभानचीच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी फक्त अक्षर काढतो, बाबा." माणूस ओळखायला एवढं पुरे होतं, पण आपल्या माणसाला ओळखायची घाई कुणाला असते.

मग तो बन्सीधरच्या पाळण्यांच्या कंपनीत शिरला. जत्रेजत्रेत फिरू लागला. मौत का कुआंची दर्शनी बाजू त्यानंच उभारली, फिरत्या तबकडीचा आराखडा त्यानंच काढला. पण त्याची नजर वर होती. मुंबईजवळ एक कंपनी समुद्राकाठी मोठा खेळबाग बांधत होती. परदेशी पाळणे, पाण्यातली घसरगुंडी, बोगद्यातून धावणाऱ्या गाड्या. तिथं असल्या गोष्टी नुसत्या सुचवायच्या आणि आखायच्या नोकऱ्या होत्या. सूर्यभाननं त्यांच्यामागं एवढा लकडा लावला की शेवटी निरोप आला, साहेब हैदराबादला जाताना पूर्णेच्या जत्रेत उतरून तुमचं काम बघतील.

पंचाईत अशी की भूतबंगल्याला कुणी भीत नव्हतं. कागदाच्या लगद्याचा सांगाडा, केस सोडलेली बाहुली, लाल दिवा. पोरं सांगाड्याच्या बरगड्यांत बोटं घालायची. बायका हसत आत जायच्या, हसत बाहेर यायच्या.

"मुंबईच्या भुताला आपले लोक कशाला भ्यायलेत?" सूर्यभान मुंजाजीला म्हणाला होता. "ज्यानं त्यानं आपापल्या घरात जे बघितलं, ते दावायचं. मग बघ."

आपल्याकडं माणूस गेलं की जिथं त्याला शेवटचं निजवलं होतं, ती जागा सारवून तिथं पीठ पसरतात. अगदी वस्त्रगाळ. वर वेताची पाटी उपडी घालतात आणि शेजारी दिवा लावतात. दुसऱ्या दिवशी पाटी उचलून बघायचं. पाखराचा पंजा उमटला तर जीव पाखरात गेला. मुंग्यांची रांग, गाईचा खूर, तान्ह्या लेकराचं पाऊल, ज्याचा ठसा त्याचा जन्म. ती पाटी उचलताना घरातल्या कर्त्या माणसाचाही हात कापतो. सूर्यभानला नेमकं तेच हवं होतं. भूतबंगल्याच्या शेवटच्या खोलीत चूल, उतरंड आणि मधोमध पीठ. पाटी आपोआप उचलली जाणार आणि पिठात पावलं उमटत बघणाऱ्याकडं चालत येणार. त्यासाठी आईचे पाय.

चपलेची वाट बघत कमलबाई गेली. ताप आला तो उतरलाच नाही. शेवटी शेवटी ती पांघरुणातून डावा पाय बाहेर काढायची आणि मुंजाजीच्या बायकोला, झुंबरबाईला, विचारायची, "बसंल ना गं ह्याला?"

तिच्या जागेवर पीठ पसरलं, पाटी घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चांगुणाबाईनं पाटी उचलली. सगळे वाकले.

पीठ कोरं होतं. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.

चांगुणाबाईनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. असल्या बाबतीत म्हातारीचा शब्द शेवटचा मानायचे. "ही कुठंच गेली न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "जीव अडकलाय हिचा. काही मागितलं होतं का रं हिनं?"

मुंजाजीनं भावाकडं बघितलं. सूर्यभान पिठापुढं उकिडवा बसला होता, मान खाली. मुंजाजीला वाटलं, रडायलाय. मग त्याच्या ध्यानात आलं की सूर्यभान मान तिरकी करून दिव्याचा उजेड पिठावर कुठून पडतो ते बघत होता. पाटीपासून दिवा किती लांब, ते त्यानं वितीनं मोजलंसुद्धा.

"न्हाई," सूर्यभान म्हणाला. "काहीच न्हाई मागितलं."

मुंजाजीच्या सदऱ्यात पुठ्ठा तसाच होता. त्यानं वरून हातानं तो दाबून धरला.

तेरावं झालं आणि सूर्यभान जायला निघाला. जाताना त्यानं तीच पाटी आणि तोच दिवा उचलला. "घरात तर वापरायची न्हाई ही. मी नेतो," म्हणाला. ती पाटी नदीला सोडायची असते, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही.

पूर्णेच्या माळावर जत्रा भरली. मुंजाजीलाही जावं लागलं, कारण पावलं चालवायला विश्वासाचा माणूस हवा होता. शेवटच्या खोलीत फळ्यांचा बुटका मंच केला होता. फळ्यांत पावलांच्या आकाराची भोकं आणि भोकांत सटवाजीची पावलं, वरच्या अंगाला बरोबर सपाट बसवलेली. त्यावर विरविरीत मांजरपाट आणि त्यावर ज्वारीचं पीठ. मुंजाजी मंचाखाली अंधारात बसायचा. एकेक दोरी ओढली की एकेक लाकूड बोटभर खाली यायचं आणि वर पिठात पाऊल उमटायचं. पाटीपासून बांबूच्या कठड्याकडं, चालत.

पहिल्याच खेळाला काय झालं ते सूर्यभानलाही अपेक्षित नव्हतं. कुणी ओरडलं नाही. खोलीत शिरलेली माणसं दिवा बघून, पाटी बघून जिथल्या तिथं थांबली. बायकांनी पदर तोंडात धरले. पहिलं पाऊल उमटलं तेव्हा एका म्हाताऱ्यानं डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. बाहेर पडल्यावर तीच माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली. एक बाई तर रोज यायची आणि पिठाकडं बघून कुणाचं तरी नाव घ्यायची. लोक आपापली मढी पैसे देऊन बघायला लागले होते आणि सूर्यभान तिकिटाच्या टेबलापाशी उभा राहून गल्ला मोजत होता. मुंजाजीला या सगळ्याची शिसारी आली. पण दोरी त्याच्याच हातात होती, मग शिसारी येऊन काय उपयोग?

दुपारी जत्रा झोपते. पाळणे थांबतात, हलवायाच्या दुकानावर फडकं पडतं, माणसं गाड्याखाली सावली धरून पडतात. भूतबंगल्यात मात्र दिवस नसतो. काळ्या कापडाच्या आत आठही प्रहर रात्र. त्या दिवशी मुंजाजी गारव्याला म्हणून मंचाखालीच आडवा झाला होता. बाहेर ऊन रखरखत होतं. आत तापल्या कापडाचा, रॉकेलचा आणि कच्च्या पिठाचा वास कोंडला होता.

डोळा लागणार, तेवढ्यात वास बदलला. मिसरीचा वास. तव्यावर भाजलेल्या तंबाखूचा तो करपट वास या घरातल्या पोरांना दुधाबरोबर मिळालेला. आई सकाळी दात घासायला बसली की आधी तोच यायचा.

मुंजाजी तसाच पडून राहिला. मग डोक्यावरच्या फळीवर काहीतरी टेकलं. हलकंच. आणि त्यामागून एक घासत येणारा आवाज... पुन्हा टेकणं... पुन्हा घासणं. बाहेरच्या दाराकडून आत, पाटीच्या दिशेनं. प्रत्येक टेकण्यासरशी मांजरपाटातून पीठ गाळून खाली यायचं. त्याच्या छातीवर पडलं, मग गळ्यावर, मग कपाळावर. त्यानं हातातल्या दोऱ्या चाचपल्या. सगळ्या ढिल्या. आणि त्याच्या डोळ्यांपुढं, वीतभर अंतरावर, सटवाजीचं एक लाकूड आपोआप खाली दबलं. कुणीतरी त्यावर उभं होतं. वजन फार नव्हतं. आजारात माणूस किती उरतं, तेवढंच.

"माय?..." मुंजाजी म्हणाला.

लाकूड हळूच वर गेलं.

कधीतरी तो बाहेर सरपटला, दिव्याची वात वर केली आणि पिठाकडं बघितलं. पावलं होती. पण ती बाहेर येणारी नव्हती, आत जाणारी होती. दारापासून पाटीपर्यंत. उजव्या पायाला पाच बोटं, डाव्याला चार, आणि डाव्या पावलामागं प्रत्येक वेळी पीठ जरा ओढल्यासारखं झालेलं.

तो धावत सूर्यभानकडं गेला आणि त्याला ओढून घेऊन आला. सूर्यभाननं वाकून एकेक पाऊल बघितलं.

"तू दोरी ओढली न्हाईस?"

"लाकडाच्या पायायला करंगळ्या हायेत, दादा. ह्याला न्हाई."

सूर्यभान खाली बसला. त्यानं हात लांब केला, पण पावलाला लावला नाही. घटकाभर तो पेडगावचा पोरगा झाला. मुंजाजीला वाटलं, आता हा रडंल, आता सगळं ठीक होईल.

"चप्पल दे तिला, दादा," मुंजाजी म्हणाला. "माप हाय माझ्यापाशी. स्टेशनापशी एकजण शिवतो. आजच आणतो. हितं ठिवू, हात जोडू आणि पाटी नदीला सोडू. सुटंल बिचारी."

सूर्यभान उठला. उठताना पुन्हा तिकिटवाला सूर्यभान झाला होता.

"उद्या साहेब यायलेत."

"मग?"

"मग उद्यापर्यंत थांब की. तिला हितं काय तरास हाय? साहेब एकदा बघून जाऊ दे. ही नोकरी मिळाली म्हंजे जिंदगी झाली, मुंजा. तिनं ऊस कशापायी तोडला? ह्याच्यापायीच ना?"

खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं, पण जो अर्धं खरं बोलतो त्याच्यापुढं माणूस गप्पच बसतो.

मुंजाजी स्टेशनापाशी मात्र गेला. चपला शिवणाऱ्यानं पुठ्ठा हातात धरून बघितला. "ही करंगळी मागून काढलेली दिसायलीय."

"हो. खरी न्हाई ती."

"मग ह्या अंगानं पट्टा घट्ट घेतो. न्हाईतर पाय निसटंल." आणि त्यानं तशी चप्पल शिवून दिली. जगात त्या एकाच बाईच्या पायात बसली असती अशी.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारीच आले, जत्रा झोपलेली असताना. एकट्यानं शांतपणे बघायचं म्हणाले. पांढरा सदरा, गॉगल, बोलायला सौम्य. सूर्यभाननं मुंजाजीला मंचाखाली बसवलं आणि कानात सांगितलं, "मी हाक देईपर्यंत दोरीला हात लावायचा न्हाई." मुंजाजी चपला पोटाशी धरून बसला.

वर पाटी, दिवा, पीठ. साहेबांच्या बुटांचा आवाज कठड्यापाशी येऊन थांबला. काहीच घडेना. साहेब खाकरले. मुंजाजी मनात म्हणत होता, येऊ नको. माय, ह्या बारीला येऊ नको.

मिसरीचा वास आला.

टेकणं... घासणं... टेकणं... पीठ गळायला लागलं. ती आली होती. पोरानं बोलावलं की ती कधी आली नाही असं झालंच नव्हतं. साहेबांचा श्वास खालीसुद्धा ऐकू येत होता. पावलं पाटीपर्यंत गेली आणि थांबली.

"मोटर कुठे आहे?" साहेबांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता.

"ते सांगत न्हाई, साहेब," सूर्यभान म्हणाला.

"या डाव्या पावलाला एक बोट कमी आहे. मुद्दाम?"

"मुद्दाम, साहेब. चार बोटं ठेवली की अस्सल वाटतं."

मुंजाजीनं अंधारात डोळे मिटले. वर त्याच्या अगदी डोक्यावर, पिठात कुणीतरी या पायावरून त्या पायावर झालं. वाट बघत दारात उभी राहिलेली बाई होते तसं.

"हे मला तिकडे हवं," साहेब म्हणाले. "अगदी हेच. तुम्ही या पुढच्या महिन्यात." आणि ते भराभरा बाहेर पडले. सूर्यभान त्यांच्यामागं गेला.

मुंजाजी लगेच मंचावर चढला. त्यानं गुडघे टेकून चपला पाटीजवळ मांडल्या आणि हात जोडले. तेवढ्यात सूर्यभान परत आला.

"उचल त्या," तो म्हणाला.

"झालं ना तुझं काम? आता सोड तिला."

"सोडू? आणि तिकडं काय दावू? तुझ्या दोऱ्या?" सूर्यभाननं पायातल्या चपला कठड्याबाहेरच काढल्या होत्या. तो अनवाणी पिठावरून चालत आला, आईच्या चपला उचलून मुंजाजीच्या छातीवर दाबल्या आणि पाटी काखेत मारली. "एकदा तिकडं बस्तान बसू दे. मग देऊ. मी काय वैरी हाय का तिचा?" दुसऱ्या हातात दिवा घेऊन तो मागच्या कापडातून बाहेर पडला.

दिवा गेल्यावर अंधार झाला. कापड हललं तसा उन्हाचा एक पट्टा पिठावर पडला. आईची पावलं तिथंच होती, मुंजाजीच्या गुडघ्यांचे ठसेही होते. मंच ओलांडून गेलेल्या सूर्यभानचं मात्र एकही पाऊल नव्हतं. मुंजाजीनं वाकून बघितलं, तेवढ्यात कापड मिटलं. उजेड कमी होता, नीट दिसलं नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

सूर्यभान मुंबईला गेला आणि मोठा झाला. बागेतली ती खोली बघायला लांबून माणसं येतात, असं बन्सीधर सांगायचा. पुढं त्यानं पाण्यातले खेळ आखले, अंधाऱ्या बोगद्यातल्या गाड्या आखल्या. चपलांचा निरोप कधी आला नाही. मुंजाजी दर सर्वपित्रीला आईच्या जागी पीठ पसरायचा. पीठ कोरंच निघायचं. चपला त्यानं उंबऱ्याशी मांडून ठेवल्या होत्या, बोटं आतल्या अंगाला करून. कधी आली वाट चुकून, तर घालील. झुंबरबाई रोज त्यांच्यावरची धूळ झटकायची आणि उंदरांपासून त्यांना जपायची. नवऱ्याला त्यावरून ती कधी बोलली नाही.

असं करता करता सात वर्षं गेली. संक्रांतीचे दिवस होते. नामांतर म्हणा की नामविस्तार, एकदाचा झाला होता. स्टँडवर पोलीस बसले होते, गाड्या कधी चालू कधी बंद. परभणीच्या भिंतींवर सूर्यभानच्या दोन्ही घोषणा अजून होत्या, सारख्याच फिकट. अशा दिवसांत भर दुपारी सूर्यभान जीपमधून पेडगावात उतरला.

अंगावर भारी कपडे होते, पण माणूस आतून पोखरल्यासारखा झाला होता. डोळ्यांखाली काळं पडलेलं. तो आईचं जातं बघायला आला होता. नव्या खेळात जुनं घर दाखवायचं होतं.

झुंबरबाईनं नुकतंच घर सारवलं होतं. "ओलं हाय अजून, पाय भरतील," मुंजाजी म्हणाला.

"भरू दे. घरचंच सारवण हाय." त्यानं बूट मोजे बाहेर काढले, उंबऱ्याशी मांडलेल्या चपलांवर नजर पडताच ती काढून घेतली आणि अनवाणी आत गेला. जात्याभोवती वीत लावून त्यानं माप घेतलं. मुंजाजी दारातच उभा होता.

"दादा... तिकडं येती का माय?"

सूर्यभानची वीत जात्यावर थांबली. "रोज."

"अजून त्याच खोलीत?"

"आधी त्या खोलीत यायची. खेळाच्या वक्ताला. मग माझ्या हाफिसात यायला लागली. आता..." त्यानं वीत पुन्हा जात्याला लावली.

"मग सोड की रं तिला. किती दिस धरशील?"

सूर्यभाननं पहिल्यांदा भावाकडं नीट बघितलं. "मी कुठं धरलंय," तो अगदी हळू म्हणाला. "पाटी कवाच समुद्रात सोडली, मुंजा. तिला चपलाबी दिल्या. तिकडच्या, भारी भारी. ती घालतच न्हाई."

तो बाहेर आला. झुंबरबाई पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्यानं नको म्हणून मान हलवली आणि मोजे चढवले. त्याचे तळवे कोरडे आणि स्वच्छ होते. जात्यासाठी टेम्पो पाठवतो म्हणाला, जीपमध्ये बसला आणि गेला.

धूळ बसली. झुंबरबाई तांब्या तसाच धरून आत वळली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"अवो," ती म्हणाली. "हिकडं या."

ओल्या सारवणावर एकाच माणसाची पावलं होती. दारातून जात्यापर्यंत आणि जात्यापासून परत दारापर्यंत. उजव्याला पाच बोटं. डाव्याला चार, मागं ओढलेली. सूर्यभान जिथून चालला होता त्याच्या बरोबर पाऊलभर मागं. सूर्यभानचं स्वतःचं एकही पाऊल नव्हतं. मुंजाजीनं खाली बसून शेणात तळहात दाबून बघितला. त्याचा ठसा लगेच उमटला.

मग त्यानं उंबऱ्याकडं बघितलं. पावलं चपलांपाशी आली होती, पण थांबली नव्हती. एक डावं पाऊल चपलांच्या अलीकडं होतं आणि पुढचं उजवं त्यांच्या पलीकडं, अंगणातल्या मातीत, जीप गेली त्या दिशेला.

"ह्या आता काय करायच्या?" झुंबरबाईनं चपलांकडं बघत विचारलं.

मुंजाजीनं त्या उचलल्या. सात वर्षं ज्यांची बोटं घराकडं होती, त्या त्यानं फिरवून रस्त्याकडं तोंड करून ठेवल्या आणि हात धुवायला गेला.